वैरण पायाखाली का जाते?



उसाची लागण, बेण्याची निवड, खोडव्यातले पाचट, हुमणी, तांबेरा ह्या विषयांवर ह्या पानांतून आपली गाठ नेहमी पडते. ह्या खेपेला मी गोठ्यात शिरतो आहे. ऊस विकास अधिकाऱ्याने गोठ्यात कशाला नाक खुपसायचे, असे कोणी विचारील. कारण साधे आहे. उसाचे बिल हप्त्याहप्त्याने येते, पण किराणा दुकानदार, मुलांची शाळा आणि औषधपाणी हे सारे दूधबिलावर चालते. आणि गळीत हंगामात आपल्या बहुतेक गोठ्यांतली मुख्य वैरण म्हणजे उसाचे वाढे. म्हणजे फडाचा आणि गोठ्याचा संबंध आहेच.

गेल्या हंगामातली गोष्ट. तोडणी कार्यक्रमाच्या पाहणीसाठी नदीकाठच्या एका गटात सकाळी लवकर गेलो होतो. प्लॉट पाहून झाल्यावर तात्या म्हणाले, “चला साहेब, च्या घेऊ.” तात्या म्हणजे आपले जुने सभासद. नाव छापू नका म्हणाले, म्हणून नुसते तात्याच म्हणतो. गोठा घराला लागून. दावणीला दोन म्हशी, तीन संकरित गाई आणि अगदी कडेला एक कालवड. तात्यांच्या सूनबाई गोठा झाडत होत्या. जनावरांच्या पुढच्या पायांखाली वाढ्यांचा हा थर! शेणामुतात भिजलेला, तुडवून चोथा झालेला. खराट्याने ओढून त्या तो पाटीत भरत होत्या आणि उकिरड्यावर नेऊन टाकत होत्या. माझ्यादेखत चार पाट्या गेल्या.

“माज आलाय जनावराला,” तात्या म्हणाले. “पोट भरलं की उधळत्यात. एक दिवस उपाशी ठेवल्याबिगर कळायचं न्हाई त्यांला.”

सूनबाई काही बोलल्या नाहीत. पाचवी पाटी उचलताना एवढंच म्हणाल्या, “काल सांजच्याला फडातनं दोन भारं मीच आणलं हुतं डोक्यावरनं.”

चहा आला. कप हातात घेऊन मी गव्हाणीसमोर उभा राहिलो आणि जनावरे खातात कशी ते बघू लागलो. खरे सांगतो, इतकी वर्षे गोठ्यांतून जातो-येतो, पण जनावराला खाताना दहा मिनिटे नीट बघितले असे कधी झाले नव्हते.

तात्यांची गव्हाण दगड-सिमेंटची, पक्की. पण काठ गाईच्या छातीला टेकेल इतका उंच. तळसुद्धा जमिनीपासून दोन फूट वर. रुंदी जेमतेम दीड फूट. त्यात वाढे घातलेले अख्खेच्या अख्खे. चार-पाच फूट लांबीचे वाढे दीड फुटाच्या गव्हाणीत मावणार कसे? निम्मे काठावरून बाहेर लोंबत होते. आता गाई-म्हशीला वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात हे आपणां सर्वांना ठाऊक आहे. ती जिभेने चाऱ्याला वेढा घालते आणि हिसका देऊन ओढते. रानात गवत मुळाला धरलेले असते, म्हणून हिसका दिला की तुटते आणि तोंडातच राहते. गव्हाणीतले वाढे कशालाच धरलेले नसतात. हिसका दिला की लांबच्या लांब घास बाहेर येतो. तोंड छातीच्या उंचीवर असल्यामुळे मान मागे घेतली की तोंड गव्हाणीच्या बाहेर. घास चावायला सुरुवात झाली की तोंडाच्या दोन्ही बाजूंचे लोंबते तुकडे खाली पडतात. ते पडतात कुठे? तिच्याच पुढच्या पायांत. त्यात पाठीवर माशी बसली की ती मान फिरवून झटका देते, की गेला उरलेला घास शेजारणीच्या अंगावर. आणि शेणामुतात पडलेला चारा जनावर पुन्हा तोंडात घेत नाही, त्याचे नाक आपल्या नाकापेक्षा फार तिखट असते.

माज कसला, तात्या? ही सारी करणी गवंड्याची होती.

तसे मी तात्यांना म्हटले, पण बोलताना मलाच ओशाळल्यासारखे झाले. कारण २०१३ साली मी माझ्या घरी अगदी अशीच गव्हाण बांधून घेतली होती. त्या वर्षी होल्स्टीन गाय आणली होती. एवढी मोठी, एवढ्या किमतीची गाय, तिला वाकायला लागू नये असा विचार केला, आणि गवंड्याला उभे राहून हाताने उंची दाखवली. पदविकेच्या वर्गात पशुसंवर्धनाचा पेपर मी चांगल्या गुणांनी सोडवला होता, त्याचा त्या दिवशी काडीचा उपयोग केला नाही. आईने बांधकाम बघितले आणि म्हणाली, “अरे, गाय काय टेबल-खुर्चीवर जेवती का?” मी हसण्यावारी नेले. दोन वर्षांनी घण घेऊन ती गव्हाण मीच फोडली.

गाय हे चरणारे जनावर. दिवसभर मान खाली घालून खाणे हा तिचा पिढ्यान्‌पिढ्यांचा धर्म. मान खाली असताना तिला त्रास तर होत नाहीच, उलट लाळ जास्त सुटते. ही लाळ म्हणजे साधी गोष्ट नव्हे. मोठी गाय दिवसाला शंभर लिटरच्या वर लाळ गिळते आणि त्या लाळेत सोड्यासारखा क्षार असतो. पेंड, भरडा, मका असे खाद्य पोटात गेले की पहिल्या कप्प्यात आंबटपणा वाढतो. तो आंबटपणा ही लाळ मारते. आंबटपणा वाढला की रवंथ मंदावते, शेण पातळ होते, दुधाची फॅट उतरते. मग आपण दुकानातून खाण्याचा सोडा आणून पेंडीत कालवतो. पैसे देऊन आणलेला सोडा घालायचा, आणि गाय जो फुकट बनवते तो तिला उंच गव्हाणीपुढे उभी करून कमी करायचा, असा हा उलटा व्यवहार आहे. दुसरे असे की मान खाली घालून खाणारी गाय घास झटकत नाही. तिच्या तोंडातून पडले तरी ते गव्हाणीतच पडते.

आता माप सांगतो. गव्हाणीचा तळ गाय जिथे पुढचे पाय ठेवते त्या जागेपेक्षा चार ते सहा इंच वर असावा, ह्याहून जास्त नको. पायाच्या पातळीच्या खालीही नको, नाहीतर तिला गुडघे टेकल्यासारखे करून पुढे रेटावे लागते, खूर घसरतात आणि पुढच्या पायांवर ताण येतो. गाईच्या बाजूचा काठ मोठ्या जनावराला दीड फुटाच्या आसपास, वर गोल केलेला. काठाची धार राहिली की गळ्याची कातडी सोलते. आतली रुंदी दोन ते अडीच फूट. तळ कोपऱ्यात काटकोनी न ठेवता पन्हळीसारखा गोलसर, एका टोकाला उतार आणि धुण्याचे पाणी जायला भोक. मुक्त गोठ्यात काठाच्या वर आडवा पाइप लावतात. तो चार फुटांवर आणि गव्हाणीच्या बाजूला थोडा पुढे काढलेला हवा. पाइप चुकला आहे की बरोबर हे ओळखायला टेप लागत नाही. गाईच्या मानेवरचे केस घासून गेले असतील किंवा घट्टा पडला असेल, तर पाइप खाली आहे. तिला पोटभर खायचे आहे आणि आपण तिच्या मानेवर लोखंड ठेवले आहे, असा त्याचा अर्थ.

तळाच्या गुळगुळीतपणाकडे तर कोणाचेच लक्ष नसते. नवी गव्हाण घोटलेली असते तोवर ठीक. दोन-तीन वर्षे मुरघास घातला की त्याच्या आंबटपणाने सिमेंट खाल्ले जाते, वरचा थर जातो आणि खडी उघडी पडते. तुमची जीभ घराच्या पायरीवरून फिरवून बघा म्हणजे गाईला काय वाटत असेल ते कळेल. ती वरवरचे खाते आणि तळाचे सोडते. तळाचे तसेच राहते, त्यावर आपण सकाळी ताजी वैरण टाकतो. खालचे कुजते, गरम होते, त्याचा वास वरच्या वैरणीला लागतो. मग “आज गाय खाईना” म्हणून डॉक्टरांना फोन. अशा गव्हाणीच्या तळाला घोटीव शहाबादी फरशी किंवा गुळगुळीत टाइल बसवून सांधे नीट भरले तर ते काम अनेक वर्षे टिकते. काही नाही जमले तर निदान रोज सकाळी ताजी वैरण टाकण्याआधी चघाळ पूर्ण काढून तळ झाडून घ्यावा. ह्याला पैसा लागत नाही.

कुट्टीबद्दल दोन शब्द. अख्खे वाढे किंवा अख्खा कडबा कितीही चांगल्या गव्हाणीत घातला तरी थोडाफार बाहेर येणारच. कुट्टीयंत्र आता गावोगाव आहे. तुकडा इंच-दीड इंचाचा ठेवावा, पीठ करू नये. फार बारीक झाले की रवंथ कमी होते. आणि पेंड कुट्टीवर नुसती भुरभुरू नका. गाय हुशार असते, नाकाने खड्डा करून पेंड तेवढी वेचते आणि कांड्या सोडते. कोरडी कुट्टी असेल तर थोडे पाणी शिंपडून पेंड त्यात चांगली कालवावी, म्हणजे वेचायला जागा राहत नाही. शिवाय कुट्टी खाताना गाय ती नाकाने पुढे ढकलत जाते. पुढची भिंत नसलेल्या सपाट गव्हाणीत तासाभरात वैरण जिभेच्या टप्प्याबाहेर जाते. आपल्याला वाटते पुढ्यात वैरण आहे, आणि गाय उपाशी उभी. दिवसातून चार-पाच वेळा फावड्याने ती परत पुढ्यात ओढून द्यायची. रात्री झोपण्यापूर्वी एकदा जरूर. उन्हाळ्यात तर जनावर दुपारचे खातच नाही, रात्रीच्या गारव्यात खाते. तेव्हा गव्हाण रिकामी असेल तर दुसऱ्या दिवशी दूध कमी का, हे विचारू नये.

हे झाले एका जनावराचे. पण दावणीला सहा जनावरे असतात, आणि तिथून खरा प्रश्न सुरू होतो.

तात्यांच्या गोठ्यातली ती कडेची कालवड मी बघत होतो. अडीच वर्षांची झालेली, पण अंगावर मांस नाही, केस राठ, पाठीचा कणा वर आलेला. तात्या म्हणाले, “माजावरच येईना. डॉक्टरांनी दोनदा औषध दिलं. आता येत्या बाजारात काढून टाकायची. कोण वांझोटं पोसणार?” व्यापारी येऊन बघूनही गेला होता. त्याने सांगितलेली किंमत ऐकवत नव्हती.

कालवडीच्या शेजारी तात्यांची सगळ्यात जुनी गाय बांधलेली. दांडगी. तिचे दावे लांब. गव्हाणीला मध्ये आडवे काहीच नाही, सलग. सूनबाईंनी वाढे टाकले तसे त्या गाईने आधी आपल्या पुढ्यातले सोडून कालवडीच्या पुढ्यातल्या हिरव्या शेंड्याला तोंड घातले. कालवडीने मान काढून घेतली. शिंग लागले नाही, मारामारी झाली नाही, नुसते त्या गाईने डोळे वळवले. कालवड मागे सरून उभी राहिली. दहा मिनिटांनी गाय आपल्या जागी वळली तेव्हा कालवडीच्या पुढ्यात जाड कांड्या राहिल्या होत्या. आंबोणाच्या वेळीही हेच होत असणार. तात्यांच्या हिशेबाने कालवडीला बरोबरीची वैरण पडत होती. पडत होती हे खरे, पण पोटात जात नव्हती.

संकरित कालवड वयापेक्षा वजनावर माजाला येते. साधारण अडीचशे किलोच्या पुढे वजन गेल्याशिवाय तिचे शरीर त्या गोष्टीला तयार होत नाही. ज्या कालवडीला जन्मापासून चोरट्या शेजारणीच्या उष्ट्यावर वाढावे लागले तिला कसली वांझ म्हणायची?

गुरांमध्ये मोठी-धाकटी असतेच. कळपात कोणी आधी पाणी प्यायचे, कोणी वाट द्यायची हे ठरलेले असते. रानात त्याने बिघडत नाही, कारण धाकटी दहा पावले लांब जाऊन चरते. गोठ्यात आपण तिला बांधून ठेवलेले असते, तिने जायचे कुठे? मुक्त गोठ्यात जनावर सुटे असते म्हणून तिथे हा प्रश्न नाही असे कोणी समजू नये. उलट ताजी वैरण पडली की सगळ्या गाई एकदमच गव्हाणीवर येतात. जागा कमी असेल तर दांडग्या आधी खातात, बिचाऱ्या मागे उभ्या राहतात आणि त्यांच्या वाट्याला वेचून राहिलेले येते. कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठाच्या संशोधकांनी हे मोजून पाहिले. त्यांचा निष्कर्ष २००४ साली प्रसिद्ध झाला. प्रत्येक गाईला गव्हाणीची जागा अर्धा मीटर होती ती एक मीटर केली, तर खाताना होणारी ढकलाढकली निम्म्याहून कमी झाली. आणि जास्त खाण्याचा फायदा कोणाला झाला? सगळ्यांत जास्त, त्या कळपातल्या दबलेल्या गाईंना. आपल्याकडे मोठ्या गाईला दोन फूट आणि म्हशीला दोन ते अडीच फूट गव्हाण हे माप सांगतात. ते कमीत कमी आहे असे समजावे. दहा गाईंच्या गव्हाणीवर चौदा बांधल्या तर चौदा गाईंचे दूध मिळेल, हा हिशेब कागदावरच राहतो.

दोन जनावरांच्या मध्ये गव्हाणीत पाइपचे किंवा जुन्या फळीचे आडवण घातले, की निम्मे भांडण मिटते. मानेच्या दोन्ही बाजूंना तिरक्या पाइपा लावल्या तर आणखी चांगले. अशा तिरक्या दांड्यांतून मान आत घातलेली गाय खाताना डोके झटकन मागे घेऊन घास उडवू शकत नाही, आणि शेजारणीला ढुशीही मारू शकत नाही.

ह्या विषयाचा सगळ्यांत बारीक अभ्यास कोणत्या जनावरावर झाला असेल, तर तो डुकरावर. नाक मुरडू नका. परदेशात वराहपालन हा मोठा धंदा आहे आणि त्यातला निम्म्याहून जास्त खर्च खाद्याचा. म्हणून त्यांनी भांड्याचा इंच-इंच तपासला. त्यांच्याकडे खाद्याची पेटी असते, तिच्या खालच्या फटीतून भरडा थाळ्यात पडतो. ही फट जास्त उघडली तर डुक्कर नाकाने उकरून खाद्य सांडते. फार कमी उघडली तर प्रत्येकाला खायला वेळ लागतो, मागे रांग लागते आणि लहान पिल्लू ताटकळते. म्हणून थाळ्याचा साधारण निम्मा तळ दिसेल इतकीच फट ठेवतात. प्रत्येक जागेची रुंदी डुकराच्या खांद्यापेक्षा थोडी जास्त. मध्ये डोके-खांदा झाकेल अशी भिंत घातली की शेजाऱ्याच्या दहशतीशिवाय खाता येते. आणि पाण्याची तोटी भांड्यातच बसवली, तर कोरडा भरडा ओला करून ती लवकर खातात, जास्त खातात आणि वजनही जास्त घेतात, असे कॅनडातल्याच सस्कातून येथील संशोधन केंद्राने २००० साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात दिसले. डुक्कर तेच, भरडा तोच, फक्त भांडे बदलले. आपल्या भागात मला कोणी वराहपालन करा असे सांगायचे नाही. पण पैशाचा हिशेब पक्का ठेवणारे लोक भांड्याकडे एवढे बघतात, एवढे त्यातून घेण्यासारखे आहे.

पाण्यावरून आठवले. पुष्कळ ठिकाणी वैरण झाली की त्याच गव्हाणीत नळी सोडून पाणी पाजतात. ह्यात डुकराच्या तोटीचा दाखला कोणी देऊ नये. डुक्कर भरडा खाते, तो तिथल्या तिथे संपवते. आपल्या गव्हाणीत चघाळ, पाने आणि पेंडीचा गाळ राहतो. त्यात पाणी साचले की आंबते, चिलटे होतात, आणि संध्याकाळी तेच पाणी प्यायला गाय नाखूष असते. दुधात पाणी ८७ टक्के. एक लिटर दुधामागे गाईला तीन ते पाच लिटर पाणी लागते, उन्हाळ्यात त्याहून जास्त. दिवसातून दोनदा बादली दाखवून हे भागत नाही. पाण्याची टाकी वेगळी, सावलीत, गव्हाणीपासून जवळ पण वैरण तोंडातून पडणार नाही इतक्या अंतरावर हवी. आठवड्यातून एकदा घासून आतून चुना लावावा. ज्या सभासदांनी मुक्त गोठा करून चोवीस तास पाणी ठेवले, त्यांना एवढ्या एका गोष्टीने दुधात फरक पडलेला दिसला आहे. त्यांच्याकडे जाऊन विचारा.

वाढ्यांबद्दल एक सावधगिरी मात्र सांगायला हवी. गव्हाण सुधारली, वैरण वाया जायची थांबली, म्हणून नुसत्या वाढ्यांवर जनावर ठेवू नये. वाढ्यांत ऑक्झॅलेट असते. ते पोटातला चुना, म्हणजे कॅल्शियम, बांधून ठेवते आणि शेणावाटे बाहेर नेते. हंगामभर नुसते वाढे खाणाऱ्या गाईचे दूध कमी होते, हाडे ठिसूळ होतात, विल्यानंतर ती बसते. म्हणून वाढ्यांबरोबर मका, लसूणघास किंवा कडबा मिसळावा, वाढ्यांच्या कुट्टीवर चुन्याची निवळी शिंपडावी आणि रोज खनिज मिश्रण द्यावे.

दुसरी गोष्ट जरा कडू आहे. तोडणी मजुरांची टंचाई आहे आणि ऊसतोडणी यंत्र वाढते आहे. यंत्र वाढे कापून बारीक करून फडात उडवते. ते जमिनीला चांगले, पाचटाबरोबर कुजते, आणि ऊस विकास अधिकारी म्हणून मला त्याचा आनंदच आहे. पण ज्या गटात यंत्र फिरले तिथे वाढ्यांचे भारे संपले. शेजारच्या फडातले वाढे मजुरांकडून पैसे देऊन घ्यावे लागतात. २०१८-१९ च्या दुष्काळात चारा छावण्यांमध्ये अख्खा ऊसच वैरण म्हणून घालायची वेळ आली होती, हे आपण पाहिले आहे. तेव्हा पायाखाली जाणारा भारा पूर्वी फुकटचा वाटत असे, तसा तो आता राहिलेला नाही.

सगळा गोठा पाडायला कोणी निघू नये. गव्हाण खोल असेल तर दगड-मुरूम भरून तळ वर घेता येतो आणि वर घोटून घेता येते. काठ उंच असेल तर तेवढाच छाटता येतो. तळच उंच असेल तर मात्र फोडण्याशिवाय इलाज नाही. दर वर्षी थोडी करा, आधी लहान जनावरांची बाजू घ्या. कोणाला माप दाखवायचे असेल तर ऊस नोंदीला गट कार्यालयात येताना कागदावर तीनच आकडे लिहून आणा: पायाच्या जागेपासून तळ किती वर, काठ किती उंच, आणि गव्हाणीची लांबी किती, तिच्यावर जनावरे किती. कर्मचाऱ्यांना मी सांगून ठेवले आहे.

तात्यांनी कालवड त्या बाजारात नेली नाही. मी फार आग्रह केला नव्हता, व्यापाऱ्याची किंमतच त्यांना पटली नाही. पुढच्या आठवड्यात त्यांनी गाईंची बाजू फोडून घेतली. तळ सहा इंचांवर आणला, काठ दीड फूट ठेवला आणि कालवडीसाठी पाइप घालून वेगळा कप्पा केला. वाढ्यांची कुट्टी सुरू केली. डॉक्टरांकडून जंताचे औषध दिले, खनिज मिश्रण चालू केले, तेव्हा सगळे श्रेय गव्हाणीला देणे बरोबर होणार नाही. पण पावसाळ्याच्या सुरुवातीला कालवड माजावर आली. दुसऱ्या रेतनाला ठरली. परवा गेलो तेव्हा पाच महिन्यांची गाभण होती. अंगावर तुकतुकी आलेली, आणि माझ्याकडे वळून न बघता खात होती.

सूनबाई गोठ्यातच होत्या. म्हटलं, “आता किती पाट्या निघतात हो?”

“गाईंकडनं पाटी बी भरत न्हाई,” त्या म्हणाल्या. मग आवाज थोडा वाढवून, तात्यांना ऐकू जाईल असा, “म्हशींची बाजू तेवढी अजून तशीच हाय. साहेब, तुमीच सांगा की.”

तात्यांनी तेवढ्यात उसाच्या दुसऱ्या हप्त्याचा विषय काढला.